सासऱ्यांची साक्ष

गुरुवारी दुपारी दाढ सुजली बायकोची, आणि तोंडचं पाणी पळालं व्लाडेटाचं. दारू सोडणाऱ्यांच्या मंडळात आज त्याला वर्षपूर्तीचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. पण घरच्या माणसानं साक्ष दिल्याशिवाय ते कुणालाच मिळत नसे. गेल्या वर्षी त्याने पिऊन ट्रॅक्टर थेट पाद्रीबुवांच्या कोबीत घातला होता. प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय ट्रॅक्टरची किल्ली मिळणार नाही, हे बायकोनं बजावलेलं.

घरात उरले सासरे, ओब्रेनबाबा. आलुबुखाऱ्याची दारू, राकिया, त्यांच्यासारखी गाळणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

"बाबा, नुसती साक्ष द्यायची. दुसरं अवाक्षर नाही."

"जावईबापू, मी काय आज जन्मलोय?"

मंडळाच्या प्रमुख देसांकाताई म्हणजे निवृत्त नर्स. बाबांचं लालबुंद नाक दिसताच त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "आलात! बरं केलंत!"

"मी याच्यासाठी आलोय हो. मी दारुडा नाही."

"पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात," मंडळी कौतुकाने म्हणाली, आणि टाळ्या पडल्या.

"अहो, सकाळी एक पेला, छातीसाठी. ते काय पिणं झालं? मग पोस्टमन यायचा तेव्हा एक. हल्ली मेला पाकीट टाकून पळतो."

"ओब्रेनकाका," कोपऱ्यातून पोस्टमन खालमानेनं म्हणाला, "मी इथं असतो."

बाबा भडकले. टोपी चढवून थेट दाराशी गेले. व्लाडेटाचा चेहरा पडला.

"जाता जाता एवढंच सांगा," देसांकाताई म्हणाल्या. "जावयानं वर्षभरात घेतली?"

म्हातारा थबकला. बोलावं तर स्वतःची अब्रू जाते, गप्प बसावं तर पोराचं वर्ष पाण्यात. पोराचा त्याला लळा होता. त्याने टोपी काढली.

"थेंबसुद्धा नाही. रोज संध्याकाळी मी त्याच्यापुढे पेला भरून ठेवतो, आणि रोज हा म्हणतो, नको बाबा."

"मग त्या पेल्याचं काय होतं?"

"आता ओतून का द्यायचा? मीच पितो." बाबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे वर्षभर दोघांची मी एकट्यानंच..." आणि ते मटकन खुर्चीत बसले.

खोली टाळ्यांनी दणाणली. प्रमाणपत्र हातात घेऊन व्लाडेटाने सासऱ्यांना कडकडून मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

देसांकाताईंनी वहीत नवं नाव लिहिलं. "पुढच्या गुरुवारी तुमच्यासोबत घरचं कोण येईल?"

बाबांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. "हाच की! आमच्या घरात शुद्धीवर असलेला पुरुष तेवढा हा एकच."