समोरच्या घरापर्यंत होडी

महाडात राहून पुराची वाट बघणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे घरमालक दत्तूभाऊ. आभाळ भरून आलं की सगळी गल्ली देवाला हात जोडते, दुकानदार माल माळ्यावर चढवतात, आणि हे गृहस्थ सावित्रीच्या पुलावरून पाय आपटत परत येतात. "काय नाय ओ बाई! एवढा पडला, आनि नदी बघा कुठं हाय!" जणू नदीने त्यांना वेळ दिली होती आणि पाळली नाही.

मी वाईकडची. पोलादपूरच्या शाळेत नोकरी लागली म्हणून महाडात यांच्या माडीवर भाड्याने आले. दत्तूभाऊ एसटी डेपोतून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त म्हणायचं आपलं! माणूस एका जागी टेकेल तर शपथ. चहाची बशी हातात घेऊन ओटा ते मागचा हौद अशा फेऱ्या. जेवता जेवता उठून नळ बघून येणार. आणि तोंडात कायम एकच, "पाणी काय सांगून येतं?" माझी गाडी चुकली, पाणी काय सांगून येतं? भाजीत मीठ कमी पडलं, पाणी काय सांगून येतं? एका बारशाला बायका पाळणा गात जरा रेंगाळल्या, तर तिथेही यांनी हेच सुनावलं. शालूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भर मांडवात कपाळाला हात लावला.

एका उन्हाळ्यात ते बाजारातून होडी घेऊन आले. हातभर लांब, लाकडी, रिमोटवर चालणारी. कुवेतहून कुणीतरी आणलेली, मोडली तेव्हा रफीकभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात मिक्सर आणि रेडिओच्या मधे येऊन पडलेली. तळाच्या फळ्या कुजलेल्या, मोटर जाम, रिमोटची एरियल वाकडी.

"रफीक बोलला, शोकेसला ठेवा. म्हटलं, शोकेसला कशाला? ही चालनार."

"कुठे चालणार?" मी विचारलं.

"आपल्या गल्लीत."

आता बोला! मे महिना, गल्लीत धूळ, आणि हे होडी चालवणार. मी हसले. ते हसले नाहीत.

मग जे काही सुरू झालं ते सांगता सोय नाही. सागवानी पट्ट्या म्हणे पोलादपूरच्या एका सुताराकडेच बारीक मिळतात. आणायच्या कुणी? रोज पोलादपूरला जाणाऱ्या बाईंनी! भरल्या एसटीत मी पट्ट्यांची मोळी घेऊन उभी, आणि कंडक्टर विचारतोय, "बाई, हिचं अर्धं काढू की फुल?"

पट्ट्या बसल्या. मग फटी बुजवायला यांनी हायवेच्या कामावरून डबाभर डांबर मागून आणलं. मोठ्या होडीला चालतं, मग हिला का नाही? चांगलं बोटभर थापलं. हौदात सोडली तर राम म्हणायच्या आत तळाला. त्याच हौदाच्या पाण्यात मी माझी पांढरी साडी खळबळली आणि साडीचा बिबट्या झाला. मी आकाशपाताळ एक केलं. दत्तूभाऊंनी साडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "डाग सुटत नाय ना? म्हंजे डांबर चांगलं व्हतं."

अशा माणसाशी भांडायचं कसं?

डांबर खरवडलं, एम-सील भरलं, वर व्हार्निश. घरभर त्याचा वास. मोटर टेपरेकॉर्डरची लावली, ती मरतुकडी निघाली, मग दुसरी शोधली. बॅटरी बसवली इमर्जन्सी दिव्यातली, तर होडी एका कुशीवर झोपली. बॅटरी मधोमध सरकवली. रिमोटचं बटण दाबलं की शेजारच्या टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या. रविवारी ऐन पिक्चरच्या शेवटी खिडक्याखिडक्यांतून ओरडा, "दत्तूभाऊ, बंद करा ती होडी!"

मला राहवेना. एक दिवस तांदूळ निवडताना शालूवहिनींना विचारलंच, हे खूळ कशासाठी?

वहिनींनी समोरच्या घराकडे मान केली. तिथे वसंतभाऊ राहतात. दत्तूभाऊंचा सख्खा धाकटा भाऊ. एकटाच. गल्लीची रुंदी ती काय, हाक कशाला, नुसतं शिंकलं तरी ऐकू येईल. पण दोघं बोलत नाहीत, एवढं मलाही दिसत होतं. का, ते त्या दिवशी कळलं.

"वसंताची बायको वारली ना, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात," वहिनी म्हणाल्या, "ह्ये पुलावरून पाणी बघून आले आनि वसंताला बोलले, निवांत झोप, पाणी वट्यावर चढत नाय. तो झोपला. तिची ट्रंक खालीच ऱ्हायली. तिच्या साड्या, लग्नाचे फोटो. सकाळी सगळा चिखल झालता, बाई. तो काय पन बोलला नाय. नुसती दोरी सोडली."

दोरीचं सांगायला हवं. आमच्या गल्लीत मृग लागायच्या आधी समोरासमोरच्या घरांच्या माड्यांना दोरी बांधतात, तिला टोपली. पूर आला की त्यातून इकडची भाकरी तिकडे, तिकडची औषधं इकडे. आणि एक नियम आहे, वर्षभर हवं तेवढं भांडा, पण पुरात आलेलं परत पाठवायचं नाही. परत पाठवलं तर पाणी उतरत नाही म्हणतात. दत्तूभाऊंनी सणासुदीला पाठवलेलं ताट वसंतभाऊ झाकण न उघडता परत करत. पुरात त्यांना ते करता आलं नसतं. पण दोरीचं त्यांच्याकडचं टोक त्यांनी सोडलं होतं, ते पुन्हा बांधलंच नाही. होडीला मात्र पलीकडून कुणाला काही बांधावं लागत नाही.

साडीच्या डागांचा माझा राग त्याच दिवशी गेला.

आणि नेमकं दोन पावसाळे पाणी आलंच नाही! गल्ली खूश, दत्तूभाऊ बेचैन. बॅटरी चार्ज कर, सुकाणूला ग्रीस लाव, पुलावर जाऊन ये. "आमी काय अमरपट्टा घेऊन आलोय?" असं एकदा चिडून म्हणाले आणि लगेच हौदाकडे निघून गेले.

तिसऱ्या वर्षी आलं. खाडीला भरती आणि वरून घाटाचं पाणी, दोन्ही एकदम. दुपारपर्यंत गल्लीत छातीभर. दत्तूभाऊ जिन्याच्या ओल्या पायरीवर उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत. होडीत चहापावडर आणि काडेपेटीची प्लॅस्टिकची पुडी.

वसंतभाऊ समोर त्यांच्या जिन्यावर उभे होते. बघत होते, पण भिंतीकडे बघावं तसे.

होडी निघाली. घर्रर्र करत, छान सरळ. गल्लीच्या मधोमध गेली आणि वाहून आलेला पेंढा सुकाणूत अडकला. झालं! ती गोल गोल फिरायला लागली आणि फिरता फिरता ओढीने रस्त्याच्या तोंडाकडे सरकली. तिथे पाणी धावत होतं. दत्तूभाऊ बटणं दाबतायत, रिमोट हवेत उचलतायत, "अगो ए, वळ ना गो, वळ!" पाण्यात उतरायला निघाले तशी वहिनींनी मागून सदरा धरला. "पोहता येत नाय तुमाला!"

तेवढ्यात धपकन आवाज झाला. वसंतभाऊ छत्री घेऊन पाण्यात उतरले होते. छातीपर्यंत पाणी, एका हाताने भिंत धरलेली. छत्रीच्या मुठीने त्यांनी होडी ओढली, उचलून डोक्यावर धरली आणि पायरीपायरीने वर आले. पुडी सोडवली. उघडून बघितली.

होडीचा पंखा त्यांच्या हातात अजून गरागरा फिरत होता. दत्तूभाऊंच्या बोटाखालचं बटण काही सुटत नव्हतं.

"दादा," वसंतभाऊ ओरडले, "बटन सोड रे, हात कापशील माझा!"

पंखा थांबला.

"आनि चापावडर धाडलीस, साखर कुठाय?"

दत्तूभाऊंना हुंदका फुटला आणि त्यातूनच ओरडले, "आनतो रे वसंता, थांब, आनतो!" आणि साखर कुठे असते ते ठाऊक नसल्यामुळे वर चढवून ठेवलेले डबे सोडून माझ्या खोलीत शिरले.

साखरेचा डबा शालूवहिनींनी केव्हाच आणला होता. पण दमट हवेने घट्ट बसलेलं झाकण निघेना. ते मी काढून दिलं. समोर वसंतभाऊ ओल्या कपड्यांनी पायरीवर बसले होते आणि होडी मांडीवर घेऊन सुकाणूतला पेंढा नखाने काडी काडी काढत होते.