स्वेटरवाली लच्छी

माझा नानामामा मांजरासाठी स्वेटर विणतो.

हे मी कोणाला सांगितलं की तो माणूस आधी हसतो, मग "मांजरासाठी?" विचारतो, आणि थोडं थांबून, "मामा विणतो?" विचारतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असंच आहे. एकाहत्तर वर्षांचा, रेल्वेतून रिटायर झालेला, पांढऱ्या भरघोस मिशांचा माझा मामा आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, घमापूर मोहल्ल्यातल्या आपल्या गच्चीवर वेताच्या खुर्चीत बसून हिवाळाभर दोन सुया चालवत असतो. लहानपणी त्याला टायफॉइड झाला होता. महिनाभर अंथरुणावर पडून तो कंटाळला, तेव्हा माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीनं, त्याच्या हातात सुया दिल्या. टायफॉइड गेला, सुया राहिल्या.

त्याचं नाव नाना. माझा तो मामा, म्हणून नानामामा. माझी मुलगी ईशा बारा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदी. हिंदीत आईच्या वडिलांना नाना म्हणतात आणि माझे वडील तर तिनं पाहिलेलेच नाहीत. त्यामुळे ती त्याला नुसतं "नाना" म्हणते. नावही झालं, नातंही झालं.

लग्न त्यानं केलं नाही. "काहून नाही केलं मामा?" असं मी एकदा विचारलं होतं.

"नाप जमलं नाही," तो म्हणाला, आणि पुढचा टाका घातला.

जगातल्या सगळ्या भानगडी मामाच्या मते नापाच्या, म्हणजे मापाच्याच आहेत. माणसंसुद्धा तो विणीवरून ओळखतो. माझ्या नवऱ्याबद्दल त्याचं मत असं आहे: "जावई सैल विणीचे आहेत. उबदार आहेत, पण आकार धरत नाहीत." हे इतकं खरं आहे की मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. माझ्याबद्दल म्हणतो, "बेबी, तू टाके फार घट्ट ओढते. मग म्हणते हात दुखून राहिले." मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, आठवीची पोरं मला पाहून रांगेत उभी राहतात. मामासाठी मी बेबीच आहे.

आसपासच्या गच्च्यांवरच्या बाया मामाला फार मानतात. दुपारी धुणं वाळत घालता घालता कोणीतरी ओरडून बाहीचे टाके विचारतं, "चाचाजी, बाँह के फंदे कितने घटाऊँ?" मामा मान वर न करता सांगतो, "हर चौथी सलाई पे एक. जल्दी मत करना." पलीकडून "जी चाचाजी" येतं.

आणि मांजर. तिचं नाव लच्छी. लोकरीच्या लडीला आमच्याकडे लच्छीच म्हणतात. चार वर्षांपूर्वी ती लोकरीच्या टोपलीत झोपलेली सापडली. मामानं तिला उचललं नाही, टोपलीच तिला देऊन टाकली. करड्या रंगाची, पोटाकडे पांढरी, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कोणीतरी तिची झोप मोडली आहे.

लच्छीला थंडी वाजते, हे मामानं ठरवलं. लच्छीचं मत कोणी विचारलं नाही. पहिल्या स्वेटरला मामानं चुकून दोनच बाह्या केल्या. मागचे पाय आत अडकले आणि लच्छी गच्चीवर पोत्यातल्या शर्यतीसारखी उड्या मारत गेली. दुसऱ्याला चार बाह्या होत्या. तो तिनं पाच मिनिटांत काढला. तिसरा शेजारच्या टीव्हीच्या डिशवर लटकलेला मिळाला. मामाचं म्हणणं एकच, "निघाला म्हणजे नाप चुकलं." मांजराला स्वेटर नको असेल, ही शक्यता त्याच्या मनात येतच नाही.

माप तो ती झोपली की घ्यायचा. दोरा हलकेच पोटाखालून सरकवायचा, गाठ मारायचा, आणि कुजबुजायचा, "दोन फंदे वाढले. काय खाऊन राहिली व तू आजकाल?"

दर वर्षी नाताळची सुट्टी लागली की मी आणि ईशा कांचघरहून रोज मामाकडे जातो. आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही. मामाच्या गच्चीवर दहा वाजता येतं ते चारपर्यंत हलत नाही. सतरंजी टाकायची, मटार सोलत बसायचं. शेंगा फुटण्याचा तो बारीक आवाज, सुयांची टिकटिक, लांबून एखाद्या इंजिनाची शिट्टी. सिहोऱ्याहून कोणीतरी पाठवलेले उकडलेले शिंगाडे मध्ये ठेवलेले असायचे, संत्र्याची सालं उन्हात सुकत वास सोडत पडलेली असायची. ईशा मोबाईल छातीवर ठेवून झोपून जायची आणि लच्छी तिच्या पोटावर. एकीचा श्वास आत गेला की दुसरी वर उचलली जायची. मी ते बघत बसायचे. मटार सोलणारी बोटं आपोआप थांबायची. किती वाजले विचारावंसं वाटायचं नाही. एक सोनेरी, जाडसर झोप त्या गच्चीवर पांघरुणासारखी पडलेली असायची आणि आम्ही सगळे तिच्याखाली.

यंदा थंडी जास्त पडली. कलेक्टरांनी शाळांची सुट्टी आणखी वाढवली, तेव्हा ईशा नाचली आणि मीही मनातल्या मनात नाचले. त्याच आठवड्यात मामाचा नवा स्वेटर पूर्ण झाला. हळदी रंगाचा, गोल गळ्याचा, पोटाखाली तीन बटणं. लच्छीला घातला. पाच मिनिटं झाली, तिनं काढला नाही. अर्धा तास झाला. ती उन्हात पसरली, एक पाय वर करून चाटू लागली, आणि स्वेटर जागच्या जागी.

"नाप!" मामा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गच्च्यांना ही बातमी कळली.

दुसऱ्या दिवशी लच्छी नाहीशी झाली.

"दाखवायला गेली असेल," मामा म्हणाला. "नवा कपडा आहे, माणूस पण फिरतो." त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं सुया हातात घेतल्या नाहीत. खुर्ची जिन्याकडे वळवून बसला. ईशानं विचारलं, "नाना, कुछ बनाओ ना." तर म्हणाला, "लोकर थंड लागून राहिली."

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, समोरच्या घराचा रंगही दिसत नव्हता. मामा बूट घालून तयार बसला होता. आम्ही पोचताच म्हणाला, "चलो."

असा शोध मी जन्मात पाहिला नाही. धुक्यातून कोणी येताना दिसला की मामा त्याला अदबीनं थांबवायचा.

"भैया, एक बिल्ली देखी? पीला स्वेटर, गोल गला."

"बिल्ली?"

"हाँ."

"गोल गला?"

"हाँ. बटन पेट पे हैं."

तो माणूस माझ्याकडे बघायचा. मी गणिताच्या बाईचा चेहरा करून उभी राहायचे. ईशा माझ्या शालीत तोंड घालून हसत होती. पण चौथ्या-पाचव्या माणसानंतर तीही हसायची थांबली, कारण मामा हसण्यासारखा दिसत नव्हता. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी तो थांबायचा आणि अगदी हळू, जणू कोणी ऐकू नये असं, "लच्छी... लच्छी व..." अशी हाक मारायचा.

शेवटी मटारची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईनं ऐकताक्षणी सांगितलं, "अरे वो स्वेटरवाली! टाल के पीछे, मिश्राजी के यहाँ. धूप में सोती है."

टाल म्हणजे लाकडाची वखार. तिच्या मागे एक लहानसं घर होतं, पुढे ओसरी. तोवर धुकं विरळ झालं होतं आणि ओसरीवर पहिलं ऊन आलं होतं. खाटेवर रजई पांघरून एक म्हातारे गृहस्थ उताणे पडले होते. त्यांच्या पायांवर, रजईवर, हळदी रंगाचा गोळा. तीन दिवस झाले होते, स्वेटर अंगावर तसाच.

त्यांची सून मेथी निवडत होती. आम्ही कोण, ते कळल्यावर ती गडबडून उठली.

"आपकी है? हमने सोचा था किसी अच्छे घर की होगी. स्वेटर पहनके आई थी ना."

मग तिनं सांगितलं. दिवाळीनंतर सासऱ्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाय सारखे गार पडतात, गरम पाण्याची पिशवी ठेवली तरी ढकलून देतात. ही आली आणि सरळ पायांवर जाऊन झोपली. तिला त्यांनी ढकललं नाही.

"कल इन्होंने बुलाया इसको," ती म्हणाली. "'आ' बोले. बस इतना ही. पर बोले."

ईशा पुढे झाली. "लच्छी! चल, घर चल."

लच्छीनं डोळे उघडले. खाली उतरली, आळस दिला, मामाच्या पॅन्टला एकदा अंग घासलं, बूट हुंगले. आणि वळून परत खाटेवर जाऊन बसली.

सुनेला वाईट वाटलं. तिनं लच्छीला उचलून मामापुढे धरलं. "ले जाइए चाचाजी. आपकी चीज़ है."

खाटेवरच्या गृहस्थांचे डोळे मांजराबरोबर सुनेच्या हातापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मामानं ते पाहिलं.

"रहने दो बेटा," तो म्हणाला. "सोई है."

लच्छी सुनेच्या हातात लोंबकळत टक्क डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती.

मग मामा खाटेच्या कडेला बसला. रजईचं टोक उचलून त्यानं त्या गृहस्थांच्या पायाला हात लावला, आणि इतक्या पटकन मागे घेतला की मला कळलं, बर्फ झालेला असणार. त्यानं वितीनं टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप घेतलं, मग घोट्याचा घेर.

"मोज़े बना देता हूँ. कौन सा रंग, भाईसाहब?"

गृहस्थांचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. आवाज आला नाही. मग त्यांनी डोळ्यांनीच लच्छीकडे दाखवलं.

"पीला," मामा म्हणाला. "अच्छा. वही ऊन बची है मेरे पास." स्वेटरची हळदी लोकर उरली होती.

पुढे लच्छीनं आपलं आपणच ठरवून टाकलं. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी ती मामाच्या गच्चीवर येते, दूध पिते, टोपलीत लोळते आणि दुपारी मिश्राजींच्या पायांवर हजर असते. मोजे चार दिवसांत झाले. मामा ते द्यायला गेला तो संध्याकाळीच परतला. आता बऱ्याच दुपारी तो सुया घेऊन तिकडेच जातो. दोघं बोलत नाहीत. एकाला येत नाही आणि दुसऱ्याला सुचत नाही.

पण मला सांगायचं आहे ते लच्छी सापडली त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हाचं.

घराशी पोचलो तर दार सताड उघडं. मी घाबरले.

"मामा, कुलूप नाही लावलं? तीन तास झाले आपल्याला! चोर शिरला असता तर?"

"शिरला असता तर चहा केला असता," मामा म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही. पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत राहिला. गाठ सुटत नव्हती.

"लच्छी यायच्या आधीपण मी दार उघडंच ठेवायचो," तो बुटाकडे बघतच म्हणाला. "एकदा समोरचा गुप्ता विचारून राहिला, अंकलजी, किसी का इंतज़ार है क्या? मला काही सांगताच येईना व. मग ही आली. बरं झालं. कोणी विचारलं तर सांगता यायचं, बिल्ली के लिए खुला है."

मी घट्ट टाक्यांची बाई. खाली वाकून मी त्याच्या नाडीची गाठ सोडवली. मामा उठून आत गेला. स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. "बेबी, आलं घालू का?" त्यानं आतून विचारलं.

"घाला," मी म्हणाले.

ईशा उंबऱ्यात उभी होती. गार वारा सरळ आत येत होता. "मम्मी, बंद कर दूँ?" तिनं दाराला हात लावत विचारलं.

मी नको म्हणून मान हलवली. मग आम्ही तिघं शाली गुंडाळून, त्या उघड्या दाराकडे तोंड करून चहा पीत बसलो.