वारुळाचे कोपरे

एका जंगलात, मुलांनो, कोणाकडेच कॅमेरा नसेल, अशी वल्लरीची खात्री होती.

वल्लरी म्हणजे एक तरुण मुंगशी. अगदी लहानपणीच ती हे जंगल सोडून गेली होती आणि पुष्कळ टेकड्यांपलीकडच्या एका मोठ्या विद्यापीठात फोटो काढायला शिकली होती. एक खरा फोटो अख्खं रान वाचवू शकतो, असं तिथले गुरुजी सांगत. बाकीचे विद्यार्थी ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवत. वल्लरीनं ते मनावर घेतलं.

परतीच्या वाटेवर तिनं भाषण तयार केलं. ‘बांधवांनो, ह्या डबीला कॅमेरा म्हणतात. घाबरू नका, ती चावत नाही.’ एका निवडुंगासमोर तिनं ते म्हणूनही पाहिलं. निवडुंग अगदी लक्ष देऊन ऐकत होता.

जंगलात पाऊल टाकताच तिला दिसलं, की इथं सगळ्यांकडे कॅमेरे आहेत. सशांकडे होते. घुबडांकडे होते. सापांकडेसुद्धा होते, पण ते कसे धरतात हे विचारणं असभ्य मानलं जाई.

फोटोही होते. ढिगानं होते. फक्त ते सगळे एकाच वारुळाचे होते.

त्याचं असं होतं. जंगलाच्या मधोमध एक सपाट खडक होता. त्याला कॅमेरा-कट्टा म्हणत. रोज उतरत्या उन्हात जाणकार तिथं जमत आणि जुना कॅमेरा चांगला की नवा, यावर बोलत. खडकासमोर एक जुनं वारूळ होतं. कोणाकडे नवी लेन्स आली, की त्या लेन्सनं आधी ह्या वारुळाचा फोटो काढायचा, अशी रीत होती. वारूळ हलत नाही. त्याला बारीक बारीक भोकं असतात. भोकं नीट दिसली तर लेन्स चांगली. फोटोच्या कोपऱ्यातली भोकंही नीट दिसली, तर फारच चांगली.

वारुळातली वाळवी केव्हाच घर सोडून गेली होती. दिवसभर तोंडावर फ्लॅश पडत असेल तर कोण राहील?

वल्लरी पहिल्यांदा कट्ट्यावर गेली, तेव्हा तिथं अस्वलआप्पा आणि बगळेराव हे दोघे थोर जाणकार बसले होते. आप्पा जुन्याच्या बाजूचे. बगळेराव नव्याच्या.

“ये पोरी, बस,” आप्पा म्हणाले. “हा माझा कॅमेरा बघ. तुझी आई रांगत होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. याचे रंग बघ. मध काढला तर मधासारखा दिसतो.”

“आणि ऊन उतरलं की मगर काढली तरी मधासारखीच दिसते,” बगळेराव म्हणाले.

“तुझ्या त्या नव्या डब्यात आरसा तरी आहे का रे?”

“नाही. काढून टाकलाय. म्हणून तर हलका झालाय. शिवाय हा समोरच्याचा डोळा ओळखतो. पाखराचा ओळखतो, जनावराचा ओळखतो. आपण फक्त बटण दाबायचं.”

“मग दाबा ना,” वल्लरी म्हणाली.

बगळेरावांनी एक पाय वर घेतला.

“लेन्स यायची आहे अजून.”

“गळ्यात आहे ती?”

“ती जुन्या कॅमेऱ्याची. नव्याला बसवायला जोडकडी लागते. जोडकडी आली, की वारूळ काढीन. मग बघू.”

“आणि मॅडम, आपल्याकडे कोणता आहे?” बगळेरावांनीच उलट विचारलं.

वल्लरीनं आपला कॅमेरा पुढं केला. तो गुरुजींनी निरोप देताना दिलेला होता. जुना, लहानसा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. लेन्स त्याला कायमची चिकटवलेली.

आप्पांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि फार प्रेमानं परत दिला.

“जुना आहे,” ते म्हणाले, “पण जुना म्हणावा असा जुना नाही.”

आता, मुलांनो, खरी गोष्ट पुढंच आहे.

जंगलाच्या खालच्या अंगाला एक डोह होता. त्यात बायजा नावाची पाणमांजरीण आपल्या पिल्लांना घेऊन राहत असे. वल्लरी लहान असताना ह्याच बायजेनं तिला एकदा पाण्यातून मानगूट धरून बाहेर काढलं होतं. आणि हा डोह आता बुजवायचा होता. सिंहमहाराजांना दरबार भरवायला सपाट मैदान हवं होतं. डोहात कोणी राहत नाही, असं दरबारच्या कागदात लिहिलेलं होतं. कोणाचं म्हणणं वेगळं असेल, तर त्यानं पाहणीच्या दिवशी दरबारातले अधिकारी गवेसाहेब यांना फोटो दाखवावा, अशी दवंडी पिटली गेली.

“म्हणजे आमचा फोटो निघाला, की आम्ही इथंच राहायचं ना, ताई?” बायजेनं वल्लरीला विचारलं.

“इथंच राहायचं.”

“नाहीतर वरच्या झऱ्याला जावं लागेल. पिल्लांना अजून धड पोहता येत नाही हो. वाटेत धार फार आहे.”

वल्लरीला गुरुजी आठवले. एक खरा फोटो. तिच्या मिशांचे केस ताठ उभे राहिले. ती धावतच कट्ट्यावर गेली.

“आप्पा, बगळेराव, तुमच्याएवढे कॅमेरे तर विद्यापीठातही नाहीत! उद्या पहाटे डोहावर चला. बायजा पिल्लांना घेऊन काठावर येते. एवढा एक फोटो काढा.”

“अगं, काढू की!” आप्पा उठून उभे राहिले. “बायजेसाठी नाही काढायचा तर कोणासाठी?”

“आमची जोडकडी आलीच आहे,” बगळेरावांनीही सांगितलं.

आणि खरंच, मुलांनो, दुसऱ्या दिवशी पहाटे दोघेही डोहावर हजर होते. कॅमेरा ठेवायची तिकाटणी होती. मोठ्या लेन्स होत्या. लेन्सना बुरशी लागू नये म्हणून आणलेले डबे होते.

“पहाटेच्या उजेडात ही लेन्स कधी वापरलेली नाही,” बगळेराव म्हणाले. “आधी वारूळ काढायला हवं.”

“इथं कुठं आहे वारूळ?” वल्लरीनं विचारलं.

“तेच म्हणतोय. इथं नाहीये.”

“चल, पटकन काढून येऊ,” आप्पा म्हणाले. “माझंही काढतो. म्हणजे जुन्यानव्याचा निकाल एकदाचा लागेल.”

दोघं लगबगीनं वर निघून गेले. आणि त्यांची पाठ वळते न वळते, तोच पाणी हललं. बायजा काठावर आली. तोंडात मासा. मागं पिल्लं. धाकट्यानं आईची शेपटी दातात धरली होती, पाण्याचं भय वाटत होतं म्हणून.

वल्लरीनं आपला पोचा आलेला कॅमेरा उचलला. उजेड कमी होता. कॅमेरा कुरकुरला. मग त्याला आठवलं, की आपण कॅमेरा आहोत, आणि त्यानं एक फोटो काढला.

फोटो थोडा हललेला होता. काळोखात वाळू सांडावी तसे दाणे आले होते. पण त्यात बायजा होती, मासा होता, आणि शेपटीला लोंबकळलेलं भय होतं. वल्लरीला रडू आलं.

पाहणीच्या दिवशी गवेसाहेब कट्ट्यावर आले. बसले. खडकही जरा बसला.

वल्लरीनं फोटो पुढं ठेवला.

“साहेब, डोहात ही राहते.”

गवेसाहेबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला. “आम्हाला यातलं कळत नाही. जाणकार कोण आहेत इथं?”

आप्पा आणि बगळेराव पुढं झाले. आप्पांनी भिंग काढलं. वल्लरीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

“कोपरे मऊ आहेत,” आप्पा म्हणाले.

“दाणे तर विचारू नका,” बगळेराव म्हणाले. “शिवाय डोळा टिपलेला नाही. पाणमांजर आहे की ओला ओंडका, दोन्ही बाजूंनी बोलता येईल.”

“आप्पा!” वल्लरी ओरडली. “ती बायजा आहे! तुम्ही तिला ओळखता! परवा तिनं दिलेला मासा खाल्लात तुम्ही!”

“ओळखतो की,” आप्पा खरोखरच दुःखी होऊन म्हणाले. “फार गुणाची आहे ती. पण पोरी, ओळख वेगळी आणि फोटो वेगळा. मला विचारलंय फोटोबद्दल. खोटं कसं बोलू?”

मुलांनो, आप्पा खोटं कधीच बोलत नसत. त्यामुळेच तर सगळी पंचाईत होती.

“म्हणजे पुरावा नाही,” गवेसाहेब म्हणाले. “हत्तींना सवड झाली, की डोह बुजवायला घेऊ. आणखी कोणाला काही दाखवायचं आहे?”

असं कोणी विचारण्याची कट्टा कित्येक वर्षं वाट पाहत होता. भराभर डबे उघडले. जुन्या कॅमेऱ्याची वारुळं निघाली. नव्या कॅमेऱ्याची वारुळं निघाली. नव्या कॅमेऱ्याला जुनी लेन्स जोडकडीनं लावून काढलेली वारुळं तर वेगळ्या डब्यात होती.

गवेसाहेब थक्क झाले. एकेक भोक मोजून घ्यावं इतकं स्पष्ट होतं. कोपऱ्यांतसुद्धा.

“केवढी भव्य वास्तू!” ते म्हणाले. “कोण राहतं हिच्यात?”

“कोणी नाही, साहेब.”

“कोणी राहत नाही आणि तरी एवढे फोटो! म्हणजे काहीतरी मोठंच असणार. लिहून घ्या. ह्या वारुळापासून आमची डुरकणी जिथवर ऐकू जाईल, तिथवर मातीचं ढेकूळही हलवायचं नाही. जाणकारांनी असा आणखी एखाद्या वारुळाचा फोटो काढला, तर त्या वारुळालाही हाच नियम.”

मग ते डुरकले. डुरकणी दूरवर ऐकू गेली. डोहापर्यंत मात्र गेली नाही.

दिवस कलता कलता वल्लरी डोहावर गेली. काय सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं.

“आवडला का हो साहेबांना फोटो?” बायजेनं विचारलं.

वल्लरीनं फोटो पुढं केला. बायजेनं तिच्या हातून फोटो घेतला आणि ओल्या पंजानं हळूच धरला.

“अगंबाई! हा माझा धाकटा. कान बघा, थोरल्यानं चावलेला. किती स्पष्ट आलाय हो!”

वल्लरी तिथंच, काठावर, अंगाची गुंडाळी करून पडून राहिली. तिला गुरुजींचा राग आला. मग आप्पांचा आला. मग स्वतःचा आला, आणि तोच सगळ्यात जास्त टिकला.

सकाळ झाली. वल्लरीनं आपला कॅमेरा पानात गुंडाळून बाजूला ठेवला आणि दोन्ही पंजे चिखलात घातले. ऊन वर येईपर्यंत डोहाच्या अगदी काठाला एक ओलं वारूळ उभं राहिलं. काडी घेऊन तिनं त्याला भोकं पाडली. वरच्या कोपऱ्यांत जरा जास्तच बारीक पाडली.

मग ती कट्ट्यावर गेली.

“आप्पा, डोहाकाठी एक वारूळ आहे,” ती म्हणाली. “त्याचे कोपरे मात्र फार अवघड आहेत. जुन्या कॅमेऱ्याला झेपतील असं वाटत नाही.”

“कोण म्हणतं झेपणार नाहीत?” आप्पांनी तिकाटणं उचललं.

“नव्याला झेपतील,” असं म्हणत बगळेराव थेट उडालेच.

थोड्याच वेळात सगळा कट्टा डोहाकाठी ओळीनं उभा होता. आप्पांनी बराच वेळ लेन्समधून पाहिलं आणि मान वर केली.

“पोरी, वारूळ उत्तम आहे. पण मागं काहीतरी हलतंय सारखं. पाणमांजरंच दिसतात. त्यांना जरा बाजूला व्हायला सांग.”

“राहू देत, आप्पा,” वल्लरी म्हणाली. “मागचं किती छान धूसर होतं, तेही कळायला नको का?”

“हे मात्र खरं,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

तात्पर्य : जे वाचवायचं असेल, त्याचा फोटो काढू नये. त्याच्यापुढं चिखलाचं एखादं ढेकूळ उभं करावं आणि त्याचा काढावा. तो जुन्या कॅमेऱ्यानं काढावा की नव्या, यावर चर्चा अजून चालू आहे. ती चालू आहे तोवर डोहाला भय नाही.