सत्तार मिस्त्रीचा पुठ्ठा

जीप मागे चालली होती. तोरणमाळच्या घाटात चढावर असताना इंजिनात कोणी घण मारावा तसा आवाज झाला, खाली तेल सांडलं आणि जीप दरीच्या बाजूला घसरायला लागली. माझा नवरा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता. मी मागच्या बाकावर. पुढे नवऱ्याच्या शेजारी सत्तार मिस्त्री बसला होता. त्याने चालत्या जीपमधून उडी मारली आणि मांडीवरचा पत्र्याचा डबा मागच्या चाकाखाली कोंबला. जीप थांबली. डबा चेपला, झाकण उडालं, आणि शे-दोनशे बोल्ट रस्त्याने खाली निघाले. आम्हाला कुठे लागलं का, हे विचारायचं सोडून हा माणूस त्यांच्या मागे धावला.

"अरे थांबा! कोठे चालनात?"

हे तो बोल्टांना म्हणत होता.

धानोऱ्यात आमच्या घरासमोर सत्तारचं गॅरेज आहे. त्याचा बाप लोहार होता. जुबेदा, त्याची बायको, वारली त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. माझ्या नवऱ्याची नंदुरबारपर्यंत माणसं नेणारी जुनी जीप, तिला दुसऱ्या कोणाचा हात कधी लागला नाही. जीप बरी असली तरी माझा नवरा तिथेच. सकाळचा चहा तिथे, संध्याकाळचा तिथे. त्याने सवत आणली असती तर मी तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. सत्तारला टक्कल.

इतर मिस्त्री इंजिन खोलतात, बोल्ट एका घमेल्यात टाकतात आणि बांधताना हाताला येईल तो लावतात. सत्तारचं तसं नाही. तो साडीच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण घेतो, त्यावर पेन्सिलीने इंजिन काढतो, भोकं पाडतो आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात उभा करतो. मग एकेकाला बाहेर काढून बघतो. डोक्यावरचे आकडे उन्हात धरून वाचतो, आट्यांवरून नख फिरवतो, काचेवर लोळवतो, मापाने लांबी घेतो. ताण खाऊन लांबलेला, मान बारीक झालेला बोल्ट सापडला, की मयताला आल्यासारखा मान हलवतो.

"थकी गया बिचारा. याले आते सुट्टी."

त्या बोल्टाला लाल धागा बांधतो आणि डब्यात ठेवतो. भंगारात देत नाही. डब्यातल्यांना तो पेन्शनवाले म्हणतो. इंजिन बांधल्यावर पहिल्या फेरीला स्वतः गाडीत बसतो, तेव्हा तो डबाही मांडीवर असतो. का, विचारलं तर म्हणतो, "जलमभर अंधारात ऱ्हायनात, भाभी. थोडी हवा खाऊ द्या."

माणसांनाही तो त्याच मापाने मोजतो. एकदा माझ्या अंगात ताप होता. मी नवऱ्याला म्हटलं, मी थकले. तो "बरं" म्हणाला आणि समोर गेला. थोड्या वेळाने सत्तार रस्त्यावरूनच ओरडला, "अरे, भाभी थकी गयी शे! भाकरी तू टाक आज!" नवऱ्याने टाकल्या. मला त्या भाकरीचा जास्त राग आला. माझ्या घरात माझं थकणं शेजाऱ्याला दिसावं आणि त्याच्या सांगण्यावरून माझ्या नवऱ्याला समजावं, हे कोणत्या बाईला गोड लागेल?

यंदा जीपचं इंजिन पुरतं खोललं. आठ दिवस माझा नवरा जेवायला तेवढा घरी येत होता. एका दुपारी मी कपाट उघडलं, तर माझ्या मुलीच्या, राधाच्या लग्नात मला घेतलेली साडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. खोका नव्हता. मी समोर गेले. दोघंही नमाजाला आणि तंबाखूला, आपापल्या वाटेने गेले होते. बाकावर माझा खोका पडलेला आणि माझ्या झाकणावर इंजिन काढलेलं, त्यात आठ बोल्ट उभे. ते पिस्टनच्या दांड्यांचे होते, हे मला नंतर कळलं. बाजूला लाल धाग्याचे दोन. मी झाकण ओढलं. ते उलटलं.

दहा बोल्ट खाली पडले. धागे सैल होते, तेही निघाले. दहाही तेलात बुडवलेले, सारखे काळे. जुना कोणता आणि सुरतहून मागवलेला नवा कोणता, मला काय कळणार? आठ भोकं होती, मी आठ भरली. दोन उरले, त्यांना धागे बांधले. झाकण जागेवर ठेवलं आणि घरी येऊन भांडी घासली. बोल्ट तो बोल्ट, असं मनाला सांगितलं. चोरासारखं वाटत होतं, पण सांगायला गेले असते तर दोघं मिळून माझ्याकडे बघत उभे राहिले असते. ते मला नको होतं.

सत्तारची एकच खोड वाईट. तो म्हणतो, "पुठ्ठा खोटं बोलत नही." पुठ्ठ्यात एकदा उभा केलेला बोल्ट तो पुन्हा तपासत नाही. त्याने पुठ्ठ्यावर विश्वास ठेवला, धाग्याचे दोन डब्यात टाकले आणि इंजिन बांधलं.

पहिली फेरी तोरणमाळची ठरली. घाट चढली तर पास. मी म्हटलं, मी पण येते. नवरा म्हणाला, "तुन्हं काय काम शे तठे?" मी म्हटलं, सत्तारचं जे आहे तेच. इतक्या वर्षांत मला तोरणमाळ कोणी दाखवलं नव्हतं. पुढची जागा अर्थातच सत्तारला मिळाली.

आणि मग तो आवाज झाला.

चाकाखाली दगड लावून झाल्यावर सत्तार गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तुटक्या बोल्टाचा तुकडा होता. इंजिनाच्या पोटाला भोक पडलं होतं. माझा नवरा पांढरा पडला होता. सत्तार खाली बसून पेन्शनवाले गोळा करायला लागला. मीही बसले, हातांना काहीतरी काम हवं होतं. एका बोल्टापाशी तो थांबला. लाल धागा होता, पण गाठ त्याची नव्हती. आम्ही बाया पापडाच्या पिशवीचं तोंड बांधतो तशी फासाची गाठ होती. त्याने गाठ बघितली. मग माझे हात बघितले.

तेवढ्यात नवरा ओरडला, "सत्तार, कसं झायं हाई?"

सत्तारने तो बोल्ट खिशात टाकला.

"मन्ही चूक शे," तो म्हणाला. "थकेल बोल्ट मीच टाकी दिधा."

"तू? तू टाका? अरे, मन्ही बायको मागे बठेल व्हती!"

"हां. बठेल व्हती," सत्तार म्हणाला.

मी खाली बघून उरलेले बोल्ट चेपलेल्या डब्यात टाकत राहिले.

"आते मन्ही गाडीले हात लावू नको," नवरा म्हणाला. खापर गावाहून आलेल्या एका ट्रकने आम्हाला ओढून खाली आणलं.

जीप दुसऱ्या गॅरेजला गेली. गावात बातमी फिरली, सत्तारची नजर गेली म्हणून. लोक ट्रॅक्टर दुसरीकडे न्यायला लागले. माझा नवरा दोन्ही वेळचा चहा घरी प्यायला लागला. मला हवं होतं ते झालं. तो ओट्यावर बसायचा, तोंड समोरच्या गॅरेजकडे. समोर सत्तार एकटा बाकावर, पुठ्ठा कोरा, चहाचे दोन पेले मांडलेले. एक तो प्यायचा, दुसरा तसाच राहायचा. तो पेला मी पंधरा दिवस पाहिला. मग कपाटातल्या दुसऱ्या साडीचा खोका रिकामा केला आणि समोर नेऊन त्याच्या बाकावर आपटला.

"मी सांगते त्याला," मी म्हटलं.

"नका सांगू, भाभी."

"का? तुझा धंदा बसला."

"मिस्त्री त्याले नंदुरबारले कितीबी भेटतीन," तो म्हणाला. "घर सुनं व्हयनं, की ते नीट कराले मिस्त्री नही भेटत. जुबेदा गयी तवयपासून मी दखी ऱ्हायनू ना, कितला वरीस." मग खोक्याकडे बघून हसला. "आन् गाठ शिकाडा मले. तुमनी गाठ मन्हापेक्षा घट्ट शे."

मी घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. साडी, पुठ्ठा, दहा बोल्ट, गाठ. त्याला बोलायला वेळ दिला नाही, कारण थांबले असते तर पुढचं सांगितलं नसतं. मग त्याने चप्पल घातली, समोर गेला आणि दुसरा पेला उचलून प्याला. थंड असणार. माझ्याशी तो चार दिवस बोलला नाही. सत्तारशी त्याच संध्याकाळी बोलायला लागला. तो राग मला अजून आहे.

त्या घाटात आम्ही तिघं होतो. माझा नवरा, सत्तार आणि मी. तिघंही वाचलो.