सुनिल्दाचे उघडे डोळे

"काळ्याकुट्ट कोठडीत काळं मांजर बसलेलं असू दे, त्याच्या मिशा मोजून दाखवीन!" एलादियो मास्तरांनी नदीकाठच्या कॉफीच्या टपरीवर जाहीर केलं आणि गळ्यातला कॅमेरा असा थोपटला, जसा काही तो नुकताच पहिला आलेला विद्यार्थी होता.

मोंपोस गावात भर दुपारी नदीसुद्धा डुलक्या घेत वाहते. तिथे एवढी घोषणा म्हणजे आठवडाभराची बेगमी! टपरीवरच्या चौघांनी कॅमेरा हातात घेऊन पाहिला. एकाने वजनाचा अंदाज घेऊन सांगितलं, "मास्तर, याच्यापेक्षा माझा कोंबडा हलका आहे."

कॅमेरा मुलीने, मारेल्विसने, बोगोटाहून धाडला होता. ती तिथे एका वर्तमानपत्रात कामाला. कचेरीतल्या फोटोग्राफरने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना तिने बापासाठी मागून घेतला. सोबत चिठ्ठी होती : "बाबा, हा फुल फ्रेम कॅमेरा आहे. उजेड टिपणारा आतला भाग चांगला मोठा असतो, म्हणून अंधुक उजेडातही फोटो येतो. फ्लॅश लागत नाही. मी लावून दिलंय तसंच राहू दे, बाकीच्या बटणांना हात लावू नकोस."

'फ्लॅश लागत नाही' हे तीन शब्द मास्तरांनी तीनदा वाचले. चौथ्यांदा वाचताना त्यांना चष्मा पुसावा लागला.

कारण त्यांची बायको. सुनिल्दाचा असा एकही फोटो जगात नव्हता, ज्यात तिचे डोळे उघडे होते! लग्नाच्या फोटोत मिटलेले. मारेल्विसच्या बाप्तिस्म्याला मिटलेले. बिशप गावात आले तेव्हा त्यांच्या शेजारी उभी, डोळे मिटून. लोकांना वाटलं, केवढी ही भक्ती! ओळखपत्रावरही तेच. बँकेतला माणूस एकदा कार्डाकडे बघायचा, एकदा तिच्याकडे बघायचा आणि शेवटी म्हणायचा, "बाई, खात्री पटत नाही. जरा डोळे मिटता का?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका नाताळात तिचा धाकटा भाऊ तुलिओ भरल्या ताटावर म्हणाला, "ताई, तुझं एक बरं आहे. मयताच्या पत्रिकेसाठी फोटो शोधायला नको. कुठलाही चालेल!" सगळे हसले. सुनिल्दाही हसली. पण त्या दिवसापासून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहायची बंद झाली. पोरीच्या लग्नातल्या फोटोत सगळं गाव आहे, आणि सुनिल्दाच्या नावाने फक्त खांबाआडून आलेलं एक कोपर आहे.

आता लग्नाला पंचेचाळीस वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. मास्तरांनी ठरवलं, त्या रविवारच्या जेवणाला पाहुण्यांसमोर बायकोचा उघड्या डोळ्यांचा फोटो झळकवायचा. हा एवढा मोठा! आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाही. पत्ता लागला, की ती खांब शोधणार.

सुनिल्दाची सवय अशी, की संध्याकाळी खिडकीपाशी झुलत्या खुर्चीत बसायचं, तोंड घराच्या आत, पाठ रस्त्याकडे, आणि मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलायच्या. दिवा लावायचा नाही. दिवा लावला की नदीवरचे डास आमंत्रण दिल्यासारखे येतात. मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारातल्या पडद्यामागे जागा धरली. पडद्याला पूर्वीच एक भोक होतं. त्यातून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढलं आणि दाबलं बटण. खटक!

सुनिल्दाने मान वर केली. "पाल चुकचुकली."

दुसऱ्या दिवशी खटक, खटक. "मेली पाल!" तिसऱ्या दिवशी खटक खटक खटक. चौथ्या दिवशी सुनिल्दा आधीच झाडू घेऊन बसली होती. खटक झाल्याबरोबर ती उठली आणि पडद्यावर असा काही झाडू हाणला, की मास्तरांच्या डोळ्यांपुढे फ्लॅश चमकला!

"अगं, अगं! मी आहे!"

"तू पडद्यामागे काय करतोयस?"

"इथे... इथे जरा गार वाटतं."

"चुलीपाशी?"

पण मास्तर डगमगले नाहीत. पडद्याऐवजी कपाटाचा आडोसा घेतला. दोन आठवड्यांत दोनशे चौदा फोटो झाले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत ते नेमाने बघायचे. काच केवढी? बिस्किटाएवढी. चष्मा लावून कॅमेरा डोळ्याला टेकत नाही म्हणून चष्मा सदऱ्याच्या खिशात. पण बायकोची आकृती दिसायची, खिडकी दिसायची, आणि नीट निरखलं तर दोन उघडे डोळेसुद्धा दिसायचे. आणखी काय पाहिजे?

मग मास्तर विल्फ्रिदोच्या स्टुडिओत गेले. विल्फ्रिदो एके काळी त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

"हे बघ," मास्तर काउंटरवर वाकून कुजबुजले, "यात एका बाईचे फोटो आहेत. ज्यात डोळे सगळ्यात छान उघडे असतील तो निवड आणि दाराएवढा मोठा कर. चौकटीत बसवून, कागदात बांधून आण. मी आत्ता बघणार नाही. सगळ्यांबरोबरच बघेन."

"कोण बाई, मास्तर?"

"ते फोटोत दिसेलच. आणि एक लक्षात ठेव, माझ्या बायकोला यातलं अक्षरही कळता कामा नये!"

विल्फ्रिदोने मास्तरांकडे पाहिलं. ज्या माणसाने आपल्याला सदाचाराचे धडे दिले, कान धरून बाकावर उभं केलं, त्या माणसाकडे असं बघायची संधी आयुष्यात एकदाच येते. "माझं तोंड म्हणजे थडगं, मास्तर," तो म्हणाला.

मास्तर गेल्यावर त्याने फोटो मोठ्या पडद्यावर लावले, आणि थडगं उघडं पडलं. समोरच्या घरातली विधवा नेरेइदा! दोनशे चौदा फोटोंत नेरेइदाच!

झालं होतं ते असं. मारेल्विसने कॅमेरा लावून दिला होता अंधुक उजेडासाठी. तसं केलं, की फोटोत नेमक्या एकाच अंतरावरचं माणूस स्वच्छ येतं. त्याच्या पुढचं-मागचं सगळं धुकं. कुणाला स्वच्छ घ्यायचं हे कॅमेरा आपलं आपण ठरवतो, आणि त्याला उजेडातलं माणूस आवडतं. सुनिल्दा बसलेली अंधारात. तिच्या मागे खिडकी, खिडकीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे नेरेइदाचा ओटा, आणि ओट्यावर चांगल्या लख्ख दिव्याखाली, झुलत्या खुर्चीत वारा घेत बसलेली नेरेइदा. तिच्या कानातल्या डुलांवरची नक्षीसुद्धा मोजता येत होती!

सणाचा रविवार उजाडला. सुनिल्दाने पहाटेपासून नारळाचा भात, तळलेले मासे, चीजच्या गुंडाळ्या असा घाट घातला होता. सोळा पाहुणे. तुलिओ आला, त्याची बायको आली. नेरेइदाही आली. शेजारीण म्हणून बोलावली होतीच. पण विल्फ्रिदोचं थडगं आठवडाभर थोडं थोडं झिरपत होतं. तिच्या कानावर काहीतरी आलं असावं, कारण बिचारी दारापाशीच घुटमळत होती आणि मास्तरांकडे बघायचं सोडून छताकडे बघत होती.

विल्फ्रिदो कागदात बांधलेली चौकट घेऊन आला तो घाम पुसत. "मास्तर, इथे? सगळ्यांसमोर? ...बायकोसमोर?"

"मग काय अंधारात?" मास्तर गरजले. मग खुर्चीवर चढून त्यांनी पाहुण्यांना गप्प केलं. "मित्रहो! पंचेचाळीस वर्षं माझ्या मनात एकच चेहरा आहे. तो चेहरा कुठल्याही फोटोग्राफरला टिपता आला नाही. तो मी टिपला! गुपचूप, रोज संध्याकाळी, कपाटाआड लपून!"

आणि त्यांनी कागद फाडला.

दाराएवढी नेरेइदा भिंतीला टेकून सगळ्यांकडे बघून मंद हसत होती.

मग तुलिओ म्हणाला, "ताई, तू बरीच बदललीस!"

यावेळी मात्र कुणी हसलं नाही. नेरेइदाने हातातला पंखा तोंडावर धरला. मास्तरांनी खिशातून चष्मा काढून लावला, काढला, पुन्हा लावला. नेरेइदा काही हलेना.

"विल्फ्रिदो! ही कोण? माझी बायको कुठे आहे यात?"

"बायको?" विल्फ्रिदो चाचरला. "पुढे कसलं तरी धुरकट बोचकं आलं होतं, मास्तर... सगळ्याच फोटोंत होतं. ते मी कापून टाकलं."

सुनिल्दाने हातातली ताटली शांतपणे मेजावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आदळआपट नाही, आवाज नाही. पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाने मास्तरांना माहीत होतं, ताटली आदळली असती तर बरं झालं असतं.

ते कॅमेरा घेऊन मागोमाग धावले. ती चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"सुनिल्दा, तू भलतंसलतं मनात आणू नकोस. हे बघ, अख्खा फोटो बघ. पुढे हे बोचकं दिसतंय ना? ही तूच आहेस!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो. सुनिल्दाच्या हातातली पळी हवेतच थांबली.

"दोनशे चौदा वेळा, सुनिल्दा! एकदाही मी तिच्याकडे बघितलं नाही. शपथ! मला ती दिसलीच नाही. मला तूच दिसत होतीस, मी तुझेच फोटो काढत होतो. तुझे डोळे... एकदा तरी उघडे यावेत म्हणून. हा तुलिओ त्या नाताळात जे बोलला ना, ते अजून माझ्या घशात अडकलंय."

सुनिल्दाने वळून कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिचे खांदे हलू लागले. मास्तरांना वाटलं, रडतेय. ती हसत होती!

"बोचकं तर बोचकंच दिसतंय की रे! आणि ती पाल म्हणजे तू?"

"मीच."

"मेल्या, झाडू फार लागला का?"

"सूज उतरली आता."

ती स्टुलावर टेकली. "तुला आठवत नाही का रे? आपल्या लग्नात त्या फोटोवाल्याच्या दिव्याचा काचगोळा फुटला होता. फाडकन! माझ्या ओढणीवर ठिणग्या पडल्या. तू तेव्हा मामांशी बोलत होतास. तेव्हापासून कुणी कॅमेरा उचलला, की मला वाटतं, आता फुटणार."

मास्तर खाली बसले. पंचेचाळीस वर्षं! आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, की का मिटतेस?

"याला फ्लॅशच नाही," ते हळूच म्हणाले.

"मग हे आधी सांगायचं ना! कपाटामागे कशाला मरायला गेलास? काढ. इथेच काढ."

स्वयंपाकघरात उजेड तो केवढा? वरच्या झरोक्यातून येईल तेवढा आणि चुलीतल्या निखाऱ्यांचा. मास्तरांनी मारेल्विसची सूचना मोडली. पुढची कडी हाताने फिरवली. सुनिल्दा आधी धुकं होती, मग तिचं नाक आलं, मग भुवई. पण जड कॅमेरा काही स्थिर राहीना.

"कोपरं तांदळाच्या पोत्यावर टेक," ती म्हणाली. "आणि मी कुठे बघू?"

"माझ्याकडे."

खटक!

मास्तरांनी चष्मा लावून काचेत पाहिलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. दोन मोठे, काळेभोर डोळे. निखाऱ्याचा एकेक ठिपका दोघांत. सुनिल्दा बघत राहिली. मग म्हणाली, "अय्या, मी आईवर गेलेय."

तेवढ्यात दारात खाकरण्याचा आवाज आला. नेरेइदा उभी होती. "सुनिल्दाताई, रागावू नका. पण तो बाहेरचा फोटो... एवारिस्तो गेल्यापासून माझा कुणी फोटोच काढला नाही हो. तो मी घरी नेऊ का?"

"न्या बाई, आजच न्या!" सुनिल्दा म्हणाली. "दाराएवढी नेरेइदा माझ्या भिंतीला पेलायची नाही. आणि जाताना चीज घेऊन जा." मग तिने हाक मारली, "तुलिओ! इकडे ये. एक बाजू धर आणि पलीकडे पोचवून ये!" तुलिओ निमूटपणे आला. पाहुणे जेवायला बसले ते या घामाघूम मिरवणुकीला टाळ्या वाजवून.

सुनिल्दाचा फोटो मात्र तिच्याच हट्टाने विल्फ्रिदोच्या दर्शनी काचेत लागला. "गावात चर्चा झालीय ना? मग गावाला कळू दे, मास्तर कुणाचे फोटो काढतो."

पुढच्या रविवारी प्रार्थनेहून परतताना दोघं तिथे थांबली. काचेपुढे चांगले सात-आठ जण उभे होते. मास्तरांनी कॉलर सारखी केली, पुढे झाले, आणि थिजले. फोटोखाली विल्फ्रिदोने रंगीत पाटी लावली होती : 'डोळे मिटणाऱ्या गिऱ्हाइकांचेही उत्तम फोटो काढून मिळतील. खात्रीचं काम! विल्फ्रिदो फोटो स्टुडिओ.'

"हा चोर! हा मागच्या बाकावरचा गाढव! फोटो मी काढला, रोज अर्धा अर्धा तास उकडून मी निघालो, झाडू मी खाल्ला..."

"ओरडू नकोस," सुनिल्दाने त्यांची बाही ओढली. "काढला कुणी ते लोकांना कळून काय करायचंय? त्यात मी बघतेय कुणाकडे, ते मला माहीत आहे ना! चल आता. घरी मासे तळून ठेवलेत, मांजर नेईल."