बाटलीवरचा पालथा तांब्या

"माझ्या हाताखाली माणूस एकदा आडवा झाला की उठायचं नाव घेत न्हाई," असं कृष्णात छाती फुगवून सांगायचा, आणि फुगलेली छाती खाली यायच्या आत पुढचंही सांगून टाकायचा, "सासऱ्यास्नी तर चौघांनी मिळून उठवलं."

वडूजचा हा गडी फौजेतनं पेन्शनीवर आला आणि मालीशवाला व्हायचं त्याच्या मनानं घेतलं. सांगलीजवळ माधवनगरच्या रहिमानचाचांकडं शिकायला लागला. चाचांची शिकवण थोडक्यात होती. जोर अंगठ्यानं नाही, अंगाच्या वजनानं द्यायचा. डोळे मिटून हातानं बघायचं. आणि एक हात उचलला तर दुसरा टेकलेला पाहिजे, गिऱ्हाइकाला एकटं सोडायचं नाही. कृष्णातला सगळं तोंडपाठ. पण फौजेच्या लंगरात आयुष्यभर कणीक मळलेले अंगठे काय ऐकतात! (पूजा, म्हणजे त्याची बायको, सरावाला पाठ देऊन बसली आणि मान वाकडी करून हिंडायला लागली. शेजारणीला वाटलं, नवऱ्यावर रुसली. रुसलीही होतीच.)

शेवटी चाचा म्हणाले, "फौजी, कोयनानगरात माझं जुनं गिऱ्हाईक हाय, नानासो. कंबर धरलीय त्यांची. जाऊन ये. हात बरा हाय म्हनले, तर माझ्या शेजारी तुझं टेबल. न्हाई म्हनले, तर वडूजला जाऊन ढेकळं फोड. ढेकळं तक्रार करत न्हाईत."

घाट चढून कृष्णात कोयनानगरात उतरला तेव्हा भर दुपार होती, पण धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. धरणाच्या कामगारांची जुनी वसाहत. निम्म्या खोल्या रिकाम्या, दारं सताड उघडी. वारा नव्हता, तरी कुठली तरी कडी आपली आपण वाजत होती. कृष्णात सरहद्दीवर कधी भ्याला नव्हता (सरहद्द लंगरापासून लांब होती), इथं मात्र त्याच्या मानेवर काटा आला.

दार मनुबाईंनी उघडलं, नानासोंच्या मालकीणबाईंनी. घरात अंधार. आणि भिंतीला टेकवलेली लोखंडी अलमारी काथ्याच्या दोरानं करकचून बांधलेली! आतलं काही बाहेर येऊ नये असं बांधतात, तशी. फळीवरच्या भांड्यांना आडवी तार. नानासोंच्या खाटेच्या उशाला एक बाटली, आणि बाटलीच्या तोंडावर पालथा घातलेला तांब्या.

"मावशी, ह्यो तांब्या असा का?"

"आला की कळावं म्हनून."

"कोन आला की?"

"ह्या दिसांत दुपारचाच येतोय," म्हणून मनुबाई चहा ठेवायला आत गेल्या.

खाटेवर नानासो पालथे पडलेले. बोलणं नाही, हलणं नाही. पाठ थंडगार. कृष्णातनं तेल घेतलं, देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले. अंगठे दाबले.

"कणीक हाय व्हय रं ती?" उशीतनं आवाज आला.

घामच फुटला. टेबल गेलं, ढेकळं आली! त्यानं अंगठे उचलले आणि तळवे टेकून हळूहळू वजन सोडलं. आणि काय सांगावं, पाठीतनं बारीक थरथर वर आली. चाचा म्हणायचे, हात बसला की अंग आपणहून बोलतं. बोललं! कृष्णात मनातल्या मनात टेबलावर चादर अंथरायला लागला.

तेवढ्यात अलमारी आतनं धडधडली.

डोळे उघडले. दोर ताणला जात होता. भांडी तारेमागं दात वाजवत होती. तांब्या बाटलीवरनं सुटला, ठणकन पडला आणि दाराबाहेर घरंगळत गेला, कुणीतरी बोलावल्यासारखा. आतल्या चौकटीत मनुबाई ताठ उभ्या, डोळे छताला, ओठ पुटपुटत.

पळावं तर गिऱ्हाइकाला एकटं सोडायचं नाही! कृष्णातनं तेलकट नानासोंना कमरेतनं कवळा घातला, हिसक्यासरशी खांद्यावर घेतलं (कुठं तरी कट्टकन वाजलं) आणि अंगणात धूम ठोकली. तिथं दोघंही निसटून धप्पकन बसले.

"गेला," मनुबाई चौकटीतनं म्हणाल्या.

"कोन गेला, मावशी?"

"भूकंप! दुसरं कोन येतंय हितं? गॅस बंद केला, मारुतीरायाचं नाव घेतलं, झालं. बांधली न्हाई तर अलमारी अंगावर येती, बाबा. तुमच्याकडं न्हाई बांधत?"

कृष्णातनं मनातल्या टेबलावरची चादर गुंडाळली. गिऱ्हाईक अंगणात आपटलं म्हणजे विषय संपला. तोवर नानासो उठले, दाराशी गेले, सरळ वाकले, तांब्या उचलला आणि तसेच थबकले. पुन्हा वाकून बघितलं.

"आयला, कंबर सुटली की!"

"हात बसला का, काका?" कृष्णातच्या छातीत पुन्हा हवा शिरली. "माझ्या हातानं पाठ कशी बोलली, बघितलंसा न्हवं?"

नानासोंनी मोबाईलवर रहिमानचाचांना गाठलं आणि कंबर सुटल्याचं सांगितलं. चाचांचा आवाज अंगणभर ऐकू आला, "मग बसवू का फौजीला माझ्या शेजारी?"

नानासोंनी कृष्णातला वरनं खालपर्यंत न्याहाळलं.

"बसव की, रहिमानभाई. पर सांगलीत ह्याला जमीन कोन हलवून देनार?"