साहेबांच्या पडद्याहून चार बोटं उंच

जावा बेटावरच्या सेमारांग शहरातल्या नगर उद्यान कचेरीत विनार्सिह या कारकून बाईची मान दुखत असे, आणि त्याबद्दल कचेरीची काहीच हरकत नव्हती. हरकत निघाली ती दुखणं थांबल्यावर.

तिने लाकूडकामासाठी नावाजलेल्या जेपारा गावच्या सुताराकडून मॉनिटरखाली ठेवायला आपल्या मापाचा सागवानी चौरंग करून घेतला. खाली पेनांचा खण, कडेला मोबाइलची खाच. टेबल कधी नव्हे ते आवरलेलं दिसू लागलं.

शेजारच्या टेबलावरची तुतिक तेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी खाता खाता थबकली. "अगं म्बाक, अगं ताई, तुझा पडदा पाक मार्गोनोंच्या पडद्याहून उंच झालाय!"

"मग? माझी मान त्यांच्याहून जास्त दुखते."

"मोठ्यांसमोरून जाताना आपण कमरेत वाकतो. आणि हा तुझा मॉनिटर बघ, कसा ताठ बसलाय मेला!"

विभागप्रमुख पाक मार्गोनोंनी (पाक म्हणजे आपल्याकडचे साहेब) तो पडदा पाहिला आणि ते हसले. जावातले साहेब रागावले की हसतात. ते दिवसभर हसत होते. संध्याकाळी परिपत्रक निघालं. यापुढे चौरंगाची उंची पदास शोभेल इतकीच असावी.

मार्गोनोंनी वीतभर उंचीचा चौरंग घेतला, म्हणून त्यांच्या वरच्या संचालकसाहेबांना हातभर उंचीचा घ्यावा लागला. मार्गोनोंनी नक्षीच्या निमित्ताने आपला थोडा वाढवला, तसा संचालकांचा पडदा थेट पंख्याला टेकला. पंखा उतरवला. संचालकसाहेब शिडीवर बसून सह्या करू लागले आणि फायली टोपलीतून दोरीने वर जाऊ लागल्या. लाकूड कमी पडलं तेव्हा शहरातल्या दोन उद्यानांतली झाडं तोडली. उद्यान खातं आपलंच असल्याने परवानगी लगेच मिळाली.

शेवटी छत आडवं आलं. साहेबांना आणखी वर जाता येईना, तेव्हा खालच्यांना खाली नेणं क्रमप्राप्त झालं. विनार्सिहच्या चौरंगाचे पाय कापले, मग टेबलाचे. आता ती चटईवर बसून जमिनीवरच्या पडद्यात ओणवी होऊन बघू लागली.

"पाक, मान मोडेल हो माझी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मार्गोनो हसले, या वेळी मनापासून. "छे गं! आता कशी सुसंस्कृत दिसतेस!"

त्या वर्षी तिला आदर्श कर्मचाऱ्याचं पदक मिळालं. मान वर होत नसल्याने ते पाठीवर लावावं लागलं.

वाचकहो, हसताय? खुशाल हसा. फक्त हे वाचताना तुमची मान कुठे आहे, तेवढं पाहा. खालीच ना? राहू द्या तशीच. तुमच्या साहेबांना ती तशीच आवडते.